मोझरीची खंजिरी

लाकडाचं एक कडं, त्याच्या एका तोंडावर ताणून बसवलेलं बकरीचं कातडं आणि कड्याच्या खाचांत हलणाऱ्या पितळी चकत्या. खंजिरी म्हणजे एवढंच. पिशवीत टाकून एसटीत बसावं इतकं हलकं वाद्य. वऱ्हाडात तिला खंजेरी म्हणतात, खंजरीही म्हणतात, आणि तिन्ही चालतात. या वाद्यावर उभा राहिलेला भजनाचा प्रकार मात्र तिथल्या माणसाच्या अंगात इतका मुरला आहे, की तो थेट ज्ञानोबा-तुकोबांच्या काळापासून चालत आला असावा असं त्याला वाटतं. तसं नाही. खंजिरी भजन हा विसाव्या शतकातला प्रकार आहे, त्याचा कर्ता माहीत आहे आणि त्याचं घर अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात आहे.

वाद्याचं कूळ अर्थातच फार जुनं आणि फार पसरलेलं. कड्यावर एका बाजूनं कातडं चढवलं की होणारी वाद्यं अरबस्तानापासून ब्राझीलपर्यंत सापडतात. आपल्याकडे शाहिराचा डफ, खंडोबाच्या वाघ्याची दिमडी, मिरवणुकीतली हलगी ही सगळी एकाच गोतातली. तमिळनाडूत पुदुक्कोट्टईच्या मानपूंडिया पिळ्ळै यांनी भजनातली कंजिरा उचलून कर्नाटक संगीताच्या मैफलीत मृदंगाशेजारी नेऊन बसवली. तिथे तिला शास्त्र मिळालं, गुरुपरंपरा मिळाली. तिच्या आणि दिमडीच्या पानाला पूर्वी घोरपडीचं कातडं लागे; वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण दिल्यावर ते बंद झालं. वऱ्हाडातल्या खंजिरीला मैफलीची पायरी कधी चढायला मिळाली नाही. तिला मिळाली पारावरची गर्दी.

ती इथं आली कुठून? याच तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. ते रुक्मिणीचं माहेर मानतात आणि तिथून दरवर्षी पंढरपूरला पालखी जाते. म्हणजे वारकरी भजन या भागाला परकं नव्हतं. पण वारकऱ्याचा संसार वीणा, टाळ आणि पखवाजाचा; त्यात खंजिरीला जागा नाही. दुसरीकडे खडी गंमत या लोकनाट्याचे शाहीर, त्यांच्या हाती डफ आणि तुणतुणं. खंजिरी या दोन्ही घरांतली नव्हे. ती सातपुड्यावरून उतरली असावी असा माझा कयास आहे. उत्तरेतले कबीरपंथी आणि फिरस्ते साधू निर्गुणी भजनं हिच्यावरच गात आले. १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं, राजधानी नागपूर, आणि प्रांत अर्धा मराठी, अर्धा हिंदी. बैतूल, छिंदवाडा ही तेव्हा परमुलखातली नावं नव्हती. अशा मुलखात साधूच्या झोळीतली खंजिरी आणि तिच्याबरोबर हिंदी पद सहज खाली येतं. कयास आहे, पुरावा नव्हे. पण पुढची गोष्ट त्याला दुजोरा देते.

पुढची गोष्ट माणिक बंडोजी इंगळे यांची. जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावतीजवळचं यावली. घर गरीब, शाळा जेमतेम प्राथमिक. वरखेडला आडकोजी महाराज होते. मुलगा त्यांच्या पायाशी भजनं म्हणत बसे. तुकड्या हे नाव त्यांनीच दिलं. १९२१ मध्ये आडकोजी गेले आणि पोरगा घरात टिकला नाही. रामटेक, सालबर्डी, चिमूरकडचं गोंदोड्याचं जंगल अशी भटकंती झाली. सालबर्डी तर सातपुड्याच्या कुशीत, दोन भाषांच्या सीमेवर. जंगलातून परतला तेव्हा त्याच्याकडे खंजिरी होती, दणदणीत आवाज होता, आणि मराठीइतकीच हिंदीत सुचणारी पदं होती. लोक त्याला तुकडोजी महाराज म्हणू लागले.

त्यांनी नेमकं नवीन काय केलं, हे भक्तिभावाच्या लिखाणात हरवून जातं. म्हणून ते जरा कारागिरीच्या अंगानं पाहू.

पहिली गोष्ट, त्यांनी वाद्यमेळ एका माणसाच्या हातात आणला. कीर्तनकाराला मागे झांजकरी, मृदंगी, पेटीवाला लागतो. खंजिरीवाल्याकडे ताल कातड्यावर आणि झांज कड्यावर. धरलेल्या हाताची बोटं कातड्यावर दाबली की नाद वर-खाली होतो, थाप ठेवली की घुमतो, नुसतं कडं हलवलं की चकत्या बोलतात. मागे साथीदार असोत वा नसोत, भजन उभं राहतं. छायाचित्रांत महाराज बहुतेक वेळा खंजिरी उंच धरलेले दिसतात. ध्वनिक्षेपक गावोगाव पोचण्याआधी हजारोंच्या जमावापुढे गाणाऱ्याला ते आवश्यकच होतं.

दुसरी गोष्ट चालींची. त्यांच्या भजनावल्या उघडल्या तर पदाच्या डोक्यावर कंसात 'तर्ज' म्हणून एखाद्या दुसऱ्या गाण्याचे शब्द छापलेले दिसतात. म्हणजे हे पद त्या गाण्याच्या चालीवर म्हणा. नोटेशन नाही, रागाचं नाव नाही. लोकांच्या कानात आधीच असलेली चाल घ्यायची आणि तिच्यात आपले शब्द बसवायचे. उच्चभ्रू कानाला यात उसनवारी दिसेल. मला यात हिशोब दिसतो. ज्या गावात पुस्तक एकालाच वाचता येतं, तिथं चाल शिकवत बसायला वेळ कुणाला आहे? शब्द नवे, चाल ओळखीची. दुसऱ्या कडव्याला सगळं गाव म्हणायला लागतं. मौज अशी, की तर्ज म्हणून दिलेली कितीतरी मूळ गाणी आता कुणाला आठवत नाहीत. त्यांच्या चाली जिवंत आहेत त्या भजनांमुळे. विस्मरणात गेलेल्या गाण्यांचा असा साठा वऱ्हाडच्या भजनी मंडळांच्या गळ्यात पडून आहे, आणि तो कुणी नीट मोजलेला माझ्या पाहण्यात नाही.

तिसरी गोष्ट, गाण्याच्या अधेमधे बोलणं. एक कडवं, मग दारू. पुढचं कडवं, मग गावची उघडी गटारं, हुंडा, शिवाशिव, सावकारी. याच जिल्ह्याचे गाडगेबाबा कीर्तनातून हेच सांगत होते, श्रोत्यांना प्रश्न विचारत, उत्तरं काढून घेत. त्यांचा जोर संवादावर होता. तुकडोजींनी तोच मजकूर गाण्यात घातला, म्हणून माणसं घरी जाऊनही तो म्हणत राहिली.

१९३५ मध्ये मोझरीला त्यांचा गुरुकुंज आश्रम निघाला. अमरावतीहून नागपूरकडे निघालात तर तिवसा येण्याआधी महामार्गावरच लागतो. इथून पुढे खंजिरी भजनाला संस्थेचा आधार मिळाला. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या आणि रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होऊ लागली. एका माणसाची शैली पिढ्यान्‌पिढ्या टिकायची तर असं काहीतरी लागतंच. नुसता गळा पुरत नाही. १९३६ मध्ये गांधीजींनी तुकडोजींना सेवाग्रामला बोलावून घेतलं, महिनाभर ते तिथं राहिले. मग आला १९४२चा ऑगस्ट. चिमूर, आष्टी, यावली, बेनोडा इथं लोक इंग्रजांविरुद्ध उठले, आणि या सगळ्या टापूत महाराजांची भजनं आधीच फिरलेली होती. झाडं, दगड, भक्त अशा हाताशी असलेल्या गोष्टींना युद्धाचं बळ देणारं त्यांचं एक हिंदी भजन आजही चिमूरच्या आठवणींबरोबर निघतं. इंग्रज सरकारनं त्यांना चंद्रपूरला पकडलं आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. डफलीएवढ्या वाद्याची सरकारनं केलेली ही सर्वांत गंभीर समीक्षा.

स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये त्यांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली, ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्यांची. त्याच वर्षी विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेसाठी ते जपानला गेले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं. १९६२च्या चीन युद्धात आणि १९६५च्या पाकिस्तान युद्धात सैनिकांना धीर द्यायला खंजिरी घेऊन ते सरहद्दीवर गेले. ही सगळी नोंद चरित्रांत व्यवस्थित मिळते.

गाण्यांविषयी मात्र कमी बोललं जातं. खरं सांगायचं तर सगळी भजनं सारख्या तोलाची नाहीत. काहींत उपदेशच इतका आहे की गाणं गुदमरतं. यमक जुळवण्यापुरता शब्द घेतलेलाही दिसतो. पण जिथं ते आपल्याच गरिबीकडे पाहून गातात, मोडक्या घराचं सुख सांगतात, देव देवळाबाहेर शोधतात, तिथं ते थेट काळजाला भिडतात. त्यांचा सूर तक्रारीचा नाही. दुष्काळ, कर्ज, फाळणी, युद्ध हे सगळं पाहिलेला माणूस उद्या बरा असेल असं सांगतो, आणि तो दवाखान्यातल्या पाहुण्यासारखं वरवरचं सांगत नाही. तू झाडू घे, मी खंजिरी घेतो, म्हणजे उद्या बरा होईल, असा तो करार असतो. एकट्या रसिकानं कानाला लावून ऐकण्यासाठी ही गाणी केलेलीच नाहीत. चाळीस जण एका दमात म्हणतात तेव्हा ती पुरी होतात.

मग संगीताच्या बखरीत ही नोंद इतकी पुसट का? मला कारण नकाशात दिसतं. मराठी गाण्याचा मान्य इतिहास मुंबई-पुण्यात घडला. नाट्यपद, भावगीत, चित्रपट, ग्रामोफोनच्या तबकड्या सगळं तिकडे. विदर्भ तेव्हा दुसऱ्या प्रांतात होता. नागपूरला आकाशवाणी केंद्र आलं ते १९४८ मध्ये. १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्र झाला, तोवर गाण्यातल्या मानाच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. त्यात भजनं निम्मी हिंदी, म्हणजे मराठीवाल्यांना परकी. कर्ता वऱ्हाडातला मराठी, म्हणजे हिंदीवाल्यांनाही परका. आणि संत म्हटलं की माणसाला हार घालतात, त्याच्या लयीचा अभ्यास करत नाहीत. 'अनुभवसागर भजनावली', 'राष्ट्रीय भजनावली' ही नावं ग्रंथसूचीत जातात, गाण्याच्या यादीत जात नाहीत.

याच सुमारास दूर अमेरिकेत काय चाललं होतं ते सहज आठवलं म्हणून सांगतो. १९६५ मध्ये बॉब डिलननं विजेची गिटार उचलली. त्याच वर्षी त्याचं 'मिस्टर टॅम्बोरिन मॅन' बर्ड्‌स या बँडनं गाऊन गाजवलं, आणि लोकगीत अधिक रॉक या मिश्रणाला फोक-रॉक नाव पडलं. त्या गाण्याला ब्रूस लँगहॉर्न या वादकाच्या हातातल्या मोठ्या तुर्की खंजिरीनं प्रेरणा दिली, असं डिलननं पुढे सांगितलं. लोकांच्या चाली, आजचे प्रश्न, हातात कातड्याचं कडं, मोठा जमाव. नाव सोडलं तर मोझरीला हे तीसेक वर्षं आधी सुरू झालं होतं. फरक एवढाच की तिकडे त्याच्या तबकड्या निघाल्या, समीक्षा छापून आल्या. इकडे पुण्यतिथीच्या पत्रिका निघाल्या.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराज गुरुकुंजात गेले. खंजिरी तिथंच थांबली असती, आणि तसे झालेले प्रकार आपल्याकडे थोडे नाहीत. पण तिला विजेचा झटका दिला तो अकोला जिल्ह्यातल्या एका माणसानं. सिरसोलीचे सत्यपाल महाराज. त्यांनी एकाऐवजी सात खंजिऱ्या मांडल्या, वेगवेगळ्या नादाच्या, आणि एकट्यानं त्या सातही वाजवायला घेतल्या. सप्तखंजेरी. त्यामुळे तालाच्या वाद्यातून सुरावटीचा भास निघू लागला. ढोलकी, संबळ, हलगी यांची नक्कल त्यावर येऊ लागली. भाषा ठेठ वऱ्हाडी, विनोद रांगडा, मजकूर मात्र तोच: अंधश्रद्धा, दारू, हुंडा, शेतकऱ्याची आत्महत्या, देहदान. कॅसेटच्या दिवसांत 'सत्यपालची सत्यवाणी' वऱ्हाडात पानटपरीवर आणि काळीपिवळी जीपमध्ये वाजायची. शिष्यांची रांग लागली आणि त्यांनी नावापुढे 'पाल' जोडून घेतलं: पंकजपाल, संदीपपाल, रामपाल. संगीतातल्या घराण्याची खूण याहून वेगळी काय असते? मे २०१७ मध्ये मुंबईतल्या कार्यक्रमानंतर सत्यपाल महाराजांवर चाकूहल्ला झाला. बरे होऊन ते पुन्हा खंजेरीवर बसले.

जुन्या पठडीतल्या काही भजन्यांना सात खंजिऱ्या म्हणजे खेळ वाटतो. मला तसं वाटत नाही. तुकडोजींनी लोकांच्या कानातली चाल उचलली, सत्यपालांनी लोकांच्या कानातला ठेका उचलला. वारसा पुढे गेला म्हणतात तो असा.

वाद्यही बदलतं आहे. कातड्याची खंजिरी पावसाळ्यात ढिली पडते, कार्यक्रमाआधी विस्तवावर शेकावी लागते. फायबरच्या पानाला ती कटकट नाही, म्हणून बाजारात तीच जास्त खपते. आवाज कोरडा, टणक, घुमारा कमी. खंजेरी भजन स्पर्धांत महिलांची मंडळं आता मोठ्या संख्येनं उतरतात, आणि वेग, तोडे, एकजूट यांत पुरुषांना हार जात नाहीत. अश्विन वद्य पंचमीच्या सुमारास गुरुकुंजात पुण्यतिथी महोत्सव भरतो, आणि महाराज गेले त्या वेळेला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, लाखोंचा जमाव मौन पाळतो. त्याआधी आणि त्यानंतर मोझरीत भजन चालू असतं. जमलं तर तेव्हा जा. दर्शनाच्या रांगेतून सुटका झाली की एखाद्या राहुटीबाहेर बसा आणि नुसतं ऐका.

आणि घरात, माळ्यावर, आजोबांच्या पेटीत खंजिरी भजनाच्या जुन्या कॅसेट, आकाशवाणीवरून टिपलेली टेप, हातानं लिहिलेली भजनाची वही असेल, तर रद्दीत घालू नका. कॅसेटवर बुरशी धरण्याआधी ती संगणकावर उतरवून घ्या, वहीच्या पानांचे फोटो काढा, गावाचं, मंडळाचं आणि गाणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. वहीतल्या तर्जा ओळखणारा एखादा म्हातारा भजनी अजून गावात असेल. त्याच्याकडून त्या आत्ताच म्हणून घ्या.