मापात बांधलेला रणगाडा

खानदेशात पोळ्याच्या दिवशी ज्याच्या दावणीला बैल नाही, तो मातीची जोडी आणून पुजतो, आणि त्या जोडीची उंची खऱ्या बैलाच्या कितव्या हिश्श्याची आहे असे सावद्यातच काय, कोठेच कोणी विचारीत नाही. कारण श्रद्धेला माप लागत नाही. परंतु मापाचा अनुभवही या मुलखाला जुनाच आहे. १८५२ साली कंपनी सरकारने जमिनीची पाहणी व आकारणी आरंभिली, तेव्हा सावदा, रावेर आणि चोपडा या भागांतील रयत तिच्याविरुद्ध उठली, आणि तो विरोध लष्कर आणून मोडल्यावर मोजणीदारांच्या साखळीखालून शेतन् शेत गेले, बांध कागदावर उतरले आणि अवघे गाव ठराविक प्रमाणात नकाशात मावू लागले. रणगाड्याची लहान प्रतिकृती बांधण्याची जी विद्या आज अनेक तरुण हौसेने जोपासतात, तिचे नाते मोजणीच्या या नकाशाशी आहे.

खरा रणगाडा प्रथम रणांगणावर आला तो १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समधील सोमच्या लढाईत. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची वाहने दुरून ओळखता यावीत म्हणून शिपायांच्या शिक्षणात लहान प्रतिकृतींचा उपयोग झाला. आणि युद्धानंतर जपानमधील शिझुओका येथील तामिया या कंपनीने, जिचा मूळ व्यवसाय लाकूड कापण्याचा होता, १९६० नंतर लवकरच जर्मन पँथर रणगाड्याचे प्लॅस्टिकचे सुटे भाग विक्रीस आणले. त्या रणगाड्याच्या पोटात मोटार आणि विजेऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार धरला गेला, त्यातून पस्तिसावा हिस्सा हे प्रमाण निघाले, आणि सोयीसाठी स्वीकारलेले ते प्रमाण पुढे जगभर प्रमाणभूत ठरले. या हिशेबाने पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक पाच सेंटिमीटरचा होतो, आणि सुमारे ३.४ मीटर रुंदीचा सेंच्युरियन रणगाडा ९७ मिलिमीटरमध्ये बसतो.

भाग जोडणे हे या कामातील सोपे अंग होय. साच्याची शिवण कानशीने आणि बारीक पॉलिश पेपरने उतरवावी, जाड प्लॅस्टिकच्या जागी पातळ पितळी पत्रा बसवावा, बुरुजावरील सांध्यांचा खडबडीतपणा उठवावा, मूळ रंग दिल्यावर पातळ केलेला गडद रंग खाचांतून वाहू द्यावा, आणि चाकांना, पट्ट्यांना व बाजूच्या पत्र्यांना शेवटी धूळ द्यावी, असा हा क्रम आहे. या शेवटच्या पायरीवरच कारागिराच्या अभ्यासाची कसोटी लागते. तापीकाठची काळी, चिकट माती पट्ट्यांना ज्या रंगाने लागेल, त्या रंगाने पंजाबच्या सपाट मैदानातील माती लागणार नाही; म्हणून हा रणगाडा कोणत्या पलटणीचा, कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या भूमीवरचा, हे ठरल्यावाचून रंगाच्या बाटलीला हात लावणे अशास्त्रीय ठरते.

आपल्या महाराष्ट्रापुरते पाहिले, तर अशा अभ्यासास पुणे हॉर्सहून अधिक योग्य विषय सापडणे कठीण. १८१७ च्या पुणे तहान्वये पेशव्यांकडून मुलूख घेऊन ज्याच्या खर्चाची तजवीज करण्यात आली, ते हे घोडदळ पुढे रणगाड्यांवर आरूढ झाले. या दलाचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर १९६५ च्या युद्धात फिल्लोऱ्याच्या परिसरात लढताना १६ सप्टेंबर रोजी पडले. याच दलातील, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण क्षेत्रपाल यांनी १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत जळता सेंच्युरियन सोडण्यास नकार दिला. दोघांनाही परमवीर चक्र मरणोत्तर मिळाले. अरुण क्षेत्रपालांच्या रणगाड्याचे नाव 'फामागुस्ता' असे होते. ज्या रणगाड्याशी असे प्राण निगडित आहेत, त्याच्या प्रतिकृतीत एखादी खूण अंदाजाने रंगविणे म्हणजे त्या मृत्यूविषयी निष्काळजीपणा दाखविणे होय, असे मला ठामपणे वाटते.

या विद्येस लागणारा आधार आपल्याला परका नाही. चिलखती दलाचे शिक्षणकेंद्र १९४८ पासून अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात आहे, आणि तेथील कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये १९९४ पासून देशोदेशींचे रणगाडे व चिलखती गाड्या प्रत्यक्ष पाहता येतात. सावद्याच्या शेजारीही भुसावळची आयुध निर्माणी १९४९ पासून आणि वरणगावची १९६४ पासून चालू असल्याने, लष्करी कामाशी पोटापाण्याचे नाते असलेली घरे या पट्ट्यात पुष्कळ आहेत. म्हणून सावदा, फैजपूर आणि रावेर येथील ज्या विद्यार्थ्यांना या छंदाची ओढ आहे, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी सुट्या भागांचा डबा उघडण्यापूर्वी एकदा नगरला जावे, पोलादाची जाडी व सांध्यांची ठेवण डोळ्यांनी पाहावी, पाहिले ते वहीत तारखेनिशी टिपून ठेवावे, आणि मगच चिमटा हाती धरावा.