जखमेला हवा विसावा

टाके घातलेली जखम भरून येताना तिला सर्वांत जास्त घातक काय, असे कोणत्याही शल्यचिकित्सकाला विचारले तर जंतुसंसर्गाच्या पाठोपाठ तो एकच गोष्ट सांगेल, ती म्हणजे ताण. दोन कडा एकमेकींना चिकटू पाहत असतात आणि खालचे स्नायू त्यांना दर हालचालीला बाजूला ओढत असतात. ही ओढ जितकी जास्त, तितका वण रुंद, जाड आणि खाजरा होतो. जखमेचा हा ताण कमी करण्यासाठी वैद्यकाने दीडशेहून अधिक वर्षे खटपट केली आणि शेवटी एका जहाल विषालाही त्या कामाला जुंपले. त्याच काळात बीड जिल्ह्यात मात्र हजारो बायकांच्या पोटावरचे टाके उसाच्या मोळीखाली ताणले गेले. हे दोन इतिहास शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. वण कसा दिसेल हे जसे डॉक्टरच्या सुईवर ठरते, तसेच जखमेला किती दिवस विसावा मिळाला यावरही ठरते, आणि विसावा ही आपल्याकडे मजुरीच्या हिशेबात बसणारी वस्तू आहे.

वण नीट दिसावा ही इच्छा आजची नाही. सुश्रुताने जखमेसाठी साठ उपक्रम सांगितले. त्यांत भरलेल्या जागेचा रंग आजूबाजूच्या कातडीसारखा करण्याचे आणि तिथे पुन्हा केस आणण्याचेही उपाय आहेत. ताणाचा शास्त्रीय अभ्यास मात्र युरोपात एकोणिसाव्या शतकात झाला. कार्ल लँगर या शरीररचनातज्ज्ञाने १८६१ मध्ये मृतदेहांच्या कातडीला गोल टोच्याने भोके पाडली आणि ती भोके ठरावीक दिशेने लांबट होतात हे दाखवले. कातडीवर ताणाच्या रेषा असतात, छेद त्यांच्या दिशेने घेतला तर वण बारीक राहतो, आडवा गेला तर फाकतो. पुढे १९०० मध्ये हर्मान फानेनस्टील या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने ओटीपोटावरच्या आडव्या छेदाचे वर्णन प्रसिद्ध केले. गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी तो आज जगभर वापरतात, कारण तो या रेषांना धरून जातो. बेंबीखालून सरळ खाली येणारा उभा छेद त्यांना छेदतो, म्हणून त्याचा वण अधिक ताणला जातो.

ताणावरचा सर्वांत नवा उपाय विषातून आला. जर्मनीतल्या वुर्टेम्बर्ग भागात खराब सॉसेज खाऊन माणसे लुळी पडत, डोळ्यांच्या पापण्या मिटत, श्वास थांबे. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने १८२० च्या सुमारास अशा रुग्णांची नोंद काळजीपूर्वक केली आणि हे विष अगदी थोडे वापरले तर औषध ठरू शकेल, असा तर्क मांडला. १८९५ मध्ये बेल्जियमच्या एलझेल गावात एका अंत्यविधीला आलेल्या वादकांनी खारवलेले मांस खाल्ले, त्यांतले तिघे दगावले आणि एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून हे विष तयार करणारा जंतू शोधून काढला. बोट्युलिनम नावाचे हे विष मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवते. स्नायू मरत नाही, तीनचार महिने नुसता स्वस्थ पडून राहतो. अमेरिकेत १९८९ मध्ये ते तिरळेपणासाठी मान्य झाले आणि २००२ मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी. वणावर त्याचा प्रयोग मायो क्लिनिकच्या डॉक्टरांनी आधी माकडांवर केला आणि २००६ मध्ये कपाळावर जखम असलेल्या ३१ रुग्णांवर. काहींना विष दिले, काहींना नुसते मिठाचे पाणी. सहा महिन्यांनी, कोणाला काय दिले हे माहीत नसलेल्या परीक्षकांनी वणांना गुण दिले: विषवाल्यांच्या गुणांचा मध्यक १० पैकी ८.९, बाकीच्यांचा ७.२. या वापराला अमेरिकेतल्या औषध नियंत्रकाची स्वतंत्र मान्यता आजही नाही आणि पुरावा मुख्यतः चेहऱ्यापुरता आहे. तरी त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. औषधाने जखमेला नवे काहीच दिले नाही. त्याने तिला ओढणारा हात काही काळ थांबवला, आणि तेवढे पुरले.

आता बीडकडे येऊ. बालाघाटच्या रांगांवरचा हा जिल्हा पर्जन्यछायेत पडतो. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. सिंचन आणि कारखाने आधी पश्चिम महाराष्ट्रात उभे राहिले. पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेचा, १९५० चा. तिथला ऊस तोडणारे हात पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, गेवराई, धारूर, वडवणी या तालुक्यांच्या कोरडवाहू वाड्यावस्त्यांनी पुरवले, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट आणखी रुळली. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, उन्हाळा लागला की परततात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादम हंगामाआधीच ‘उचल’ देतो, ती कामातून फिटते, आणि एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ कापला जातो. या तीन शब्दांत साऱ्या व्यवस्थेची मांडणी आहे. कोयता जोडीचा असल्यामुळे बाई आजारी पडली की पुरुषाचाही दिवस जातो. उचल आधीच खर्चलेली असल्यामुळे न केलेले काम कर्ज होऊन अंगावर येते.

एप्रिल २०१९ मध्ये ‘द हिंदू बिझनेसलाइन’ने बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांविषयी बातमी दिली आणि राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस काढली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण देशात ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असल्याने आकडे तंतोतंत ताडून पाहता येत नाहीत, पण एवढे अंतर नुसत्या पद्धतीने पडत नाही. ऑपरेशने बहुतांश खासगी दवाखान्यांत झाली होती. अंगावरून पांढरे जाणे, कंबर दुखणे, पाळीचा त्रास अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना कॅन्सरची भीती घालून गर्भाशयाची पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला. त्यासाठीचा पैसा पुष्कळदा मुकादमाकडूनच उचलला गेला आणि तो फेडण्यासाठी पुन्हा उसाच्या फडावर जावे लागले.

फडावरचे काम म्हणजे काय, ते जवळून पाहिल्याशिवाय टाक्यांची गोष्ट कळत नाही. ऊस बुडाशी तोडायचा म्हणजे कमरेत पूर्ण वाकायचे. पाचट काढून, वाढे छाटून, कांड्यांची मोळी बांधायची. ती डोक्यावर घेताना पोटाचे सगळे स्नायू एकदम आवळले जातात. मग ट्रकला टेकवलेल्या अरुंद फळीवरून तोल सांभाळत वर चढायचे आणि मोळी टाकून उतरायचे. तीस-चाळीस किलोचे ओझे आणि अशा किती फेऱ्या. पोटाच्या ऑपरेशननंतर निदान सहा आठवडे जड उचलू नये, हे प्रत्येक डॉक्टर सांगतो, आणि त्याला कारण आहे. तीन आठवड्यांनी भरलेल्या जखमेची ताकद मूळ कातडीच्या फार तर तिसऱ्या हिश्शाइतकी असते. ऐंशी टक्क्यांच्या आसपास जायला तीन महिने लागतात. विषाचा अंमलही साधारण तेवढाच टिकतो. म्हणजे जी तीन महिन्यांची स्वस्थता चेहऱ्यावरच्या वणासाठी सुईतून विकत घेतली जाते, तीच ऊसतोड बाईला नुसती घरी बसून मिळाली असती. घरी बसण्याची किंमत खाड्याने ठरते, म्हणून ती तिला परवडत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, जिचे गर्भाशयच विनाकारण गेले तिच्या वणाच्या दिसण्याची चर्चा करणे म्हणजे मूळ अन्याय झाकणे. हा आक्षेप गंभीर आहे. पण वणाचे दिसणे आणि वणाचे दुखणे वेगळे काढता येत नाही. ज्या ताणाने कातडीवरचा वण फाकतो, त्याच ताणाने आतला थर उसवतो आणि छेदाच्या जागी हर्निया होतो. पोटाच्या भिंतीतले मोठे हर्निया शिवण्याआधी स्नायू सैल करण्यासाठी २००९ पासून मेक्सिकोतल्या शल्यचिकित्सकांनी हेच विष वापरून दाखवले आहे. म्हणजे रुंद वण ही सजावटीची तक्रार नसून आत काय झाले असेल याची बाहेरची खूण आहे. शिवाय सुंदर दिसण्याची काळजी शहरी पैसेवाल्या बाईलाच शोभते, असे मानणे हाही अन्यायच. शरीर सर्वांचे सारखे आहे, कातडीच्या रेषाही सारख्या.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो: बाया स्वतःच पिशवी काढा म्हणतात, आणि सगळीच ऑपरेशने अनावश्यक नसतात. दुसरा भाग खरा आहे. फायब्रॉइड, अतिरक्तस्राव, कर्करोग यांत गर्भाशय काढणे जीव वाचवते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या सरकारी संस्थेत अशा ऑपरेशनचा आधार मिळतो, हेही नाकारता येणार नाही. पहिला भाग मात्र अर्धवट आहे. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही खाडा चुकत नाही, अशा ठिकाणी बाई पाळीच नको म्हणते, तेव्हा ती इच्छा तिच्या शरीरातून आलेली नसते, कामाच्या अटींतून आलेली असते. अटी बदलल्या तर मागणीही बदलेल. बीडमध्ये २०१९ नंतर जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय गर्भाशय काढण्यावर निर्बंध आले, केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी त्या सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकाराव्यात असा आदेश दिला. ही पावले छेद घेण्याआधीची आहेत. छेद घेतल्यानंतरचे काय, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

ते उत्तर आपल्याच कायद्यात आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने स्त्रीला गर्भपातानंतर सहा आठवडे आणि १९९५ च्या दुरुस्तीने नसबंदीच्या ऑपरेशननंतर दोन आठवडे पगारी रजा दिली. जखमेला विसावा लागतो आणि त्याची किंमत मालकाने द्यायची असते, हे तत्त्व या देशाने केव्हाच मान्य केले. ऊसतोड बाई त्याच्या बाहेर राहते, कारण कारखाना म्हणतो ती मुकादमाची, आणि मुकादम म्हणतो ती कारखान्याची. राज्याने ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ काढले आहे. त्या महामंडळाने पोटाचे ऑपरेशन झालेल्या प्रत्येक बाईला बारा आठवड्यांची भरपगारी विश्रांती द्यावी, तिचा भार साखर कारखान्यांवर टाकावा आणि त्या काळात कोयत्यावर खाडा लागू नये एवढा एक नियम करावा. त्याला ना सुई लागते, ना विष. एका विषाने वैद्यकाला जे शिकवले, ते कायद्याने शिकायला आता उशीर करू नये.