गोंधळगीताचे दृश्यरूप

गोंधळगीताचे दृश्यरूप : देवीच्या उपासनेतील गोंधळ या रात्रभर चालणाऱ्या विधिनाट्याची मांडणी, वेश, प्रकाश व हालचाल यांतून घडलेली चित्रभाषा, आणि चित्रपटगीते व दृश्यगीते (एकाच गाण्यासाठी केलेली छोटी चित्रफीत) यांत तिला मिळालेले रूप. या भाषेचे मोठे केंद्र धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात वसलेले तुळजापूर होय. तेथील भवानी साडेतीन शक्तिपीठांपैकी एका पीठाची देवता असून गोंधळ्यांच्या दोन शाखांपैकी कदमराई तिचे, तर रेणुराई माहूरच्या रेणुकेचे उपासक मानले जातात. १२व्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘गोंडली’ नावाच्या नृत्याचा उल्लेख येतो. त्याची राजधानी कल्याणी याच जिल्ह्यातील उमरग्याच्या पूर्वेस जवळच आहे, म्हणून या परंपरेचे मूळ शोधताना अभ्यासकांची नजर याच टापूकडे वळते.

लग्नानंतर किंवा नवस फेडताना यजमानाच्या दारी गोंधळ घालतात. पाटावर किंवा चौरंगावर नवे वस्त्र अंथरून त्यावर धान्याची रास, कलश, विड्याची पाने व नारळ मांडतात आणि पुष्कळ ठिकाणी उसाची किंवा ज्वारीची पाच ताटे शेंड्याशी बांधून त्यावर मांडव उभारतात. या मांडणीला चौक म्हणतात. गोंधळी तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा अशी गावागावांची दैवते नावे घेऊन बोलावतो. त्यांपैकी बहुतेकांचे चित्र समोर नसते. नाव कानी पडते आणि ऐकणाऱ्याची नजर चौकाकडे जाते. दृश्यगीतात मात्र प्रत्येक नावासरशी त्या देवळाचे शिखर दाखवण्याचा मोह होतो. त्यामुळे देवता आपल्या दारी आली हा गोंधळाचा मूळ भाव हरवून प्रेक्षक देवस्थानांच्या सहलीला निघतो.

या चित्रभाषेतील सर्वांत अर्थपूर्ण घटक दिवटी होय. धातूच्या दांड्यावर तेलात भिजवलेल्या चिंध्या पेटवून केलेली ही मशाल गोंधळ्याचा साथीदार हाती धरतो. तिच्याच धाकट्या बहिणी म्हणजे जाड वातीचा काकडा आणि भक्त हाती घेऊन नाचवतात तो पोत. काकड्या गोंधळात तर असे अनेक काकडे पेटवून खेळवतात. दिवटी हे देवीच्या तेजाचे प्रतीक आहेच, पण अंधाऱ्या अंगणात गोंधळ्याचा मळवट भरलेला चेहरा दिसतो तोही तिच्याच उजेडात. ज्योत हलली की सावल्या हलतात आणि महिषासुराच्या वधाची कथा चालू असताना भिंतीवरच्या सावल्यांनाही जणू कथेत जागा मिळते. कॅमेऱ्यापुढे रंगीत दिवे लागले की उजेड देण्याचे हे काम दिवटीकडून जाते आणि ती केवळ खूण म्हणून हातात उरते. म्हणून अशा गीताचे विश्लेषण करताना पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो, की चेहऱ्यावरचा प्रकाश दिवटीचा आहे की दुसरीकडून आलेला.

पायघोळ झगा, पागोटे, कपाळी हळदीकुंकू आणि गळ्यात कवड्यांची माळ असा गोंधळ्याचा वेश असतो. कवडी समुद्रातली, आणि तुळजापूर समुद्रापासून फार दूर दख्खनच्या पठारावर; एके काळी चलन म्हणून वापरली गेलेली ही कवडी स्त्रीच्या सृजनशक्तीची खूण मानली जाते आणि देवीचे भक्त असलेल्या आराध्यांच्या गळ्यातही ती दिसते. गोंधळात साथीला वाजणाऱ्या तुणतुण्याविषयीची कथा अधिक उग्र आहे. परशुरामाने बेटासुराला मारून त्याच्या मस्तकाला त्याच्याच शिरांची तार लावली आणि ते वाद्य वाजवत त्याने आई रेणुकेला वंदन केले, असे गोंधळी सांगतात. ही कथा ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला एकतारी वाद्याचे साधे जवळचे दृश्यही वेगळे भासते.

चित्रपटात ‘सावरखेड एक गाव’ (२००४) मधील अजय-अतुल यांच्या गोंधळगीताने संबळाचा ठेका शहरी तरुणांपर्यंत नेला. संबळ म्हणजे एकत्र बांधलेली लहानमोठी दोन चर्मवाद्ये. काठ्यांनी वाजवताना त्यांचा कडक, तुटक आघात दृश्ये झटपट बदलण्यास सोयीचा पडतो, म्हणून दृश्यगीतांत आवाहनाचा हा जोशपूर्ण भाग पुनःपुन्हा येतो. गोंधळाच्या उत्तररंगात मात्र नाईक (मुख्य गोंधळी) आख्यान लावतो, साथीदार भाबडे प्रश्न विचारून त्याला अडवतो, आणि उत्तर देताना नाईक हातवारे व मुद्रा यांनी एकटाच राजा, राणी, दैत्य असे सारे होतो. वेश न बदलता होणारे हे रूपांतर गोंधळातील अभिनयाचा गाभा आहे, पण त्याला वेळ लागतो. चार-पाच मिनिटांच्या गीतात त्याला जागा मिळत नाही, आणि प्रश्न विचारणारा साथीदार तेथे बहुधा दिवटी धरून मागे उभा असलेला माणूस एवढाच उरतो.