गोधडींतील दप्तर



इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं बखरी, सनदा आणि रुमालांत बांधलेलीं मोडी दप्तरें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. आज मी आपणांपुढें चिंध्यांचें एक दप्तर उलगडणार आहें. तें वाचावयास मोडी यावी लागत नाहीं. मात्र सांगणारें माणूस जवळ नसेल, तर त्यांतील एक अक्षरहि लागत नाहीं.

मुळशीचा जलाशय आज पुष्कळांस सहलीचें ठिकाण म्हणून ठाऊक आहे. त्या पाण्याखालीं मुळा व निळा या नद्यांकांठचीं मावळ्यांचीं घरें आणि आंबेमोहर तांदळाचीं खाचरें आहेत. येथें धरण बांधून पाणी कोंकणांत भिरा येथें उतरवावयाचें आणि त्यावर होणारी वीज मुंबईस न्यावयाची, अशी टाटा कंपनीची योजना होती. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना लोक ‘सेनापति’ म्हणूं लागले, ते याच लढ्यांत. १९२४ अखेर लढा मावळला आणि पुढें खोरें बुडालें. कित्येक जमिनी अगोदरच सावकारांच्या नांवें झालेल्या होत्या. त्यामुळें मोबदल्याच्या वेळीं कागद बहुधा सावकाराच्या बाजूनेंच बोलला. कसणारीं माणसें कोणी डोंगरउतारावर चढलीं, कोणी मुंबईची वाट धरली.

या तालुक्यांत मी मास्तर असतांना, सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, एका विद्यार्थ्याच्या घरीं मुक्काम पडला. थंडी होती. त्याच्या आजीनें अंगावर घालावयास एक जड गोधडी दिली. वरचें कापड गिरणीचें, ठिगळें नाना रंगांचीं आणि कडेपासून मध्यापर्यंत चौकोनांत फिरत गेलेला धांवदोरा. मी सहज विचारलें, “आजी, आंत काय घातलंय हो?” ती म्हणाली, “आंत आईचं लुगडं हाय, मास्तर. गांव बुडायच्या आधींचं.”

गोधडीची रीत अशी कीं, वरचें कापड विरलें म्हणजे तें उसवून टाकीत नाहींत. त्यावरच दुसरें शिवतात. म्हणून सर्वांत जुनें तें सर्वांत खोल जातें. वर मुंबईंत चाकरीस असलेल्या भावानें धाडलेलें कापड होतें. मुळशीच्या पाण्यानें जी वीज झाली, तिनें मुंबईच्या गिरण्याहि चालल्या. त्या शहराचें कापड येऊन बुडालेल्या गांवच्या लुगड्यावर बसलें होतें. हा सारा व्यवहार मीं कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत वाचला नव्हता.

उखडलेल्या माणसांनीं आपली ओळख अशी कापडांत जपल्याचें उदाहरण आपल्या सीमेपलीकडेहि आहे. कर्नाटकांत हल्याळ-यल्लापूरच्या रानांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांच्या पूर्वजांपैकीं पुष्कळांस पोर्तुगीजांनीं आफ्रिकेंतून गुलाम म्हणून गोव्यांत आणलें होतें. तेथून कित्येक घाटावर पळाले. त्यांच्या स्त्रिया जुन्या कापडांची ‘कवंदी’ शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर घड्यांचीं त्रिकोणी ‘फुलें’ बसवितात. फुलांवांचून कवंदी त्यांना उघडी वाटते. ठिगळ गरजेपोटीं लागतें, हें खरें. परंतु फूल कोणत्या गरजेपोटीं? त्या फुलांत मला कलावंताचा हात दिसतो.

शेवटीं एक कबुली देतों. त्या रात्रीं आजी एकेका ठिगळाचें नांव सांगत होती: हें बाच्या मुंडाशाचें, हें थोरलीच्या चोळीचें. मी ऐकत ऐकत झोंपीं गेलों. दुसऱ्या दिवशीं वर्गांत मीं पानिपतची तारीख पाठ करून घेतली; आजीचा एक शब्दहि टिपून ठेवला नाहीं. पुढें ती वारली. गोधडी कदाचित् कोठें असेलहि. ती वाचणारी राहिली नाहीं.

आपल्या माळ्यावर अशी एखादी गोधडी असेल, तर ती बोहारणीस देण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्या बाईपाशीं घेऊन बसा, आणि ती सांगेल तें वहींत उतरून घ्या. मीं केलें नाहीं, म्हणून आपणांस सांगतों.