पांढरी रोपं मोजणारा माणूस

नवरात्रात आमच्या देवघरातल्या अंधारात घटाचं धान पिवळं उगवतं. उन्हात ठेवलं की हिरवं होतं. आजच्या गोष्टीतली रोपं मात्र उन्हातही पांढरीच राहिली.

अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात लुईस स्टॅडलर यांनी बार्लीच्या, म्हणजे आपल्या सातूच्या बियांवर एक्स-रे सोडले. त्यातून आलेल्या झाडांच्या प्रत्येक ओंबीचं बी त्यांनी वेगळं पेरलं. का? तर एकाच झाडाच्या ओंब्या अंकुरातल्या वेगवेगळ्या पेशींपासून बनतात, म्हणून बिघाड एखाद्याच ओंबीत सापडतो. अशा ओंबीची साधारण पाव रोपं पांढरी किंवा पिवळी निघाली. पांढऱ्या रोपात हरितद्रव्य नाही, म्हणजे प्रकाशसंश्लेषण नाही. दाण्यातली शिदोरी संपली की खेळ खल्लास! पण मोजायला तेवढे दिवस पुरतात.

त्याच काळात हर्मन मुलर हेच फळमाश्यांवर करत होते. माशीची पिढी १०-१२ दिवसांची, सातूला अख्खा हंगाम लागतो. मुलर यांचा लेख १९२७ ला आला, स्टॅडलर यांचा १९२८ ला. १९४६ चं नोबेल एकट्या मुलर यांना. मला हे अजून खटकतं.

हरितद्रव्यात खोट असलेला एक सातू मात्र जगला: 'क्लोरिना एफ-२'. हॅरी हायकिन यांनी १९५० मध्ये दाखवलं की त्यात हरितद्रव्य 'बी' नाहीच. तरी ते फिकट रोप वाढतं, दाणेही धरतं. कारण मुख्य काम 'ए' करतं. 'बी' त्याला जास्तीचा प्रकाश गोळा करून देतं.