अपघाताचें दप्तर आणि लोकांचा अधिकार

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्या डोळ्यांपुढें राजवंशांचीं, लढायांचीं आणि तहांचीं दप्तरें उभीं राहतात. तीं पाहावयास मिळावीं म्हणून महाराष्ट्रांतील संशोधकांनीं किती खस्ता खाल्ल्या, हें वाचकांस सांगावयास नको. पुण्याचें पेशवे दप्तर इंग्रज सरकारच्या ताब्यांत गेलें, आणि एतद्देशीय अभ्यासकांस तें दीर्घकाळ बहुतेक बंदच राहिलें. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले, ते १९३० पासून पुढच्या कांहीं वर्षांत. म्हणजे पेशवाई बुडून शंभरांहून अधिक वर्षें लोटल्यावर. कागद लोकांचा असला तरी किल्ली ज्याच्या हातीं असते त्याच्या मर्जीवाचून तो लोकांस दिसत नाहीं, हा धडा आपण तेथें शिकलों. आज आम्ही ज्या दप्तराविषयीं लिहिणार आहों तें इतकें थोर नाहीं. रस्त्यावरील वाहनांच्या अपघातांची जी नोंद सरकारदरबारीं होते, तिचें हें दप्तर होय. परंतु धडा तोच आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वळलें तें एका विद्यार्थ्यामुळें. मुलगा सोलापूरच्या पूर्व भागांतला. घरची भाषा तेलुगु, आई विड्या वळणारी, वडील यंत्रमागावर कामास. रात्रपाळी आटोपून पहांटे सायकलीनें घरीं येतांना हमरस्त्यावर एका मालमोटारीनें त्यांस उडविलें, आणि ते जागच्या जागीं गेले. मोटारीचा क्रमांक, मालकाचें नांव, जागेचा पंचनामा हें सर्व त्याच दिवशीं कागदावर आलें होतें. पण त्या कागदांच्या नकला हातीं पडण्यास मुलाला सात महिने लागले. एके दिवशीं साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या दिवशीं तपास चालू, तिसऱ्या दिवशीं ‘वकिलाला पाठवा’ असें उत्तर. अर्ज लिहून घेण्यासाठीं तो आमच्याकडे येई. नकला मिळाल्या त्या दिवशीं पंचनामा वाचून त्यानें विचारलें, “सर, याच जागीं यापूर्वीं आणखी कोणी मेलें होतें कां?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तें कोणत्या कचेरींत मिळेल हेंहि सांगतां आलें नाहीं.

त्याचे हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला, आपल्या माणसाच्या मृत्यूचा कागद आपणांस कधीं मिळणार. दुसरा, सर्वांच्या मृत्यूंची एकत्र नोंद सर्वांस कधीं दिसणार. पहिल्या प्रश्नाचा इतिहास लांब आहे. दुसऱ्याचा अद्याप पुरता सुरू झालेला नाहीं.

इंग्लंडांत जुन्या न्यायतत्त्वाप्रमाणें माणूस मेला कीं त्याच्या मृत्यूबद्दल नुकसानभरपाई मागण्याचा हक्कहि संपे. आगगाडीच्या युगांत हें तत्त्व असह्य झालें, आणि १८४६ सालीं लॉर्ड कॅम्बेल यांच्या कायद्यानें मृताच्या कुटुंबास दाव्याचा अधिकार मिळाला. आपल्याकडे तोच विचार १८५५ च्या तेराव्या कायद्यानें आला. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटून त्या वेळीं दोनच वर्षें झालीं होतीं, आणि सोलापुरास रूळ पोंचावयास १८६० साल उजाडावयाचें होतें. हा कायदा मोठा उपकारक होता, पण अर्धाच. त्यानें पत्नी, पति, आईबाप आणि मुलें यांस हक्क दिला; पुरावा कोठून आणावा हें सांगितलें नाहीं. पुराव्याचा सगळा भार विधवेच्या पदरीं राहिला.

आगगाडीच्या अपघातांत प्रतिवादी कोण हें निदान ठाऊक असे. मोटार आली तेव्हां तेंहि ठाऊक होईना. १८९६ च्या ऑगस्टांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत एक पादचारी स्त्री मोटारीखालीं सांपडून मरण पावली. ब्रिटनमध्यें असा हा पहिलाच मृत्यु मानला जातो. वाढत्या वेगाबरोबर पळून जाण्याची सोयहि वाढली. म्हणून १९०३ च्या ब्रिटिश कायद्यानें प्रत्येक मोटारीवर नोंदणीक्रमांक लावणें सक्तीचें केलें, आणि हिंदुस्थानांत १९१४ च्या मोटार कायद्यानें नोंदणीची व परवान्याची पद्धति देशभर घालून दिली. क्रमांकाची ही पाटी म्हणजे सरकारी दप्तराचें रस्त्यावर आलेलें एक पान आहे, असें आम्हांस वाटतें. तें कोणीहि वाचावें म्हणूनच तें मोठ्या अक्षरांत रंगवावयाचें. परंतु त्या पानामागील वही मात्र कचेरींत मिटलेली राही.

ती वही थोडी उघडली १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें. तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा करणारें त्याचें प्रकरण महायुद्धामुळें मागें पडून १ जुलै १९४६ पासून अमलांत आलें. त्यांत एक लहानसें कलम होतें: जो कोणी अपघाताबद्दल भरपाईस पात्र असल्याचें सांगेल, त्यानें मागणी केल्यास नोंदणी अधिकाऱ्यानें किंवा पोलिस ठाण्याच्या अंमलदारानें, ठरलेली फी घेऊन, त्या वाहनाची ओळख आणि तें चालविणाराचें नांव व पत्ता यांविषयीं आपल्यापाशीं असलेली माहिती दिली पाहिजे. १९८८ च्या कायद्यांत हेंच कलम १६० वें म्हणून पुढें आलें. माहिती देणें हें अंमलदाराचें कर्तव्य ठरलें, ही मोठी पायरी होती. तथापि त्यांतील दोन अटी लक्षांत घ्याव्यात. मागणारा दावेदार असला पाहिजे, आणि त्यानें मागितलें पाहिजे. ज्या बाईला असें कलम आहे हेंच ठाऊक नाहीं, तिच्यासाठीं तें नसल्यासारखेंच होतें.

शिवाय या कलमाच्या भोंवतीं वेगळ्याच वृत्तीचे कायदे उभे होते. १८९८ च्या फौजदारी संहितेनें पोलिसांची तपासाची रोजनिशी आरोपीस पाहण्याची बंदी केली होती. १८८९, १९०४ आणि १९२३ या सालीं शासकीय गुपितांचे कायदे झाले. १९२३ चा अजून चालू आहे. वास्तविक हे कायदे हेर आणि किल्ल्यांचे नकाशे यांच्यासाठीं. पण त्यांनीं कचेऱ्यांना जी संवय लावली ती किल्ल्यांपुरती राहिली नाहीं. दाखवावयाचें कारण सांगा, मग पाहूं, अशी ती संवय. मे १९३० मध्यें लष्करी कायदा अनुभविलेल्या सोलापुरास सरकारचें मौन म्हणजे काय हें जुन्या पिढीकडून ऐकून ठाऊक आहे. राज्य बदललें, कारकुनाच्या टेबलावरील संवय तितक्या लवकर बदलली नाहीं.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांचा क्रम पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. भार हळूहळू दावेदाराच्या डोक्यावरून सरकारच्या डोक्यावर गेला. १९५६ च्या दुरुस्तीनें अपघाताच्या दाव्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणें निर्माण करण्याची तरतूद झाली. १९९४ च्या दुरुस्तीनें तर पोलिसांनींच अपघाताचा अहवाल तीस दिवसांच्या आंत न्यायाधिकरणाकडे व विमा कंपनीकडे पाठवावा असें सांगितलें. म्हणजे कोणी मागण्याची वाट पाहावयाची नाहीं. पण कायद्यानें सांगितलें म्हणून तसें घडलें नाहीं. सर्वोच्च न्यायालयास २००७ सालीं, त्यानंतर २००९ सालीं, आणि पुन्हां डिसेंबर २०२२ मध्यें त्याच्या अंमलबजावणीसाठीं आदेश द्यावे लागले. एकच गोष्ट तीनदां सांगावी लागते, तेव्हां पहिल्या दोन वेळीं ती ऐकली गेली नव्हती असाच अर्थ होतो. दरम्यान १९९४ सालीं काढून टाकलेली दाव्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनें सहा महिन्यांची म्हणून परत आली. आमच्या विद्यार्थ्याचे सात महिने या मुदतीशेजारीं ठेवून पाहावे, म्हणजे कागदाच्या विलंबाचें मोल काय तें कळेल.

या सर्व कायद्यांत हक्क दावेदाराचा होता. नागरिकाचा हक्क वेगळ्या वाटेनें आला. १९७५ सालीं राजनारायण खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें लोकांचा जाणण्याचा अधिकार मान्य केला. महाराष्ट्रांत २००० आणि २००२ सालीं माहितीच्या अधिकाराचे कायदे झाले. त्यामागें राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या चळवळीचा जोर होता. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा अमलांत आला. मागणाराला कारण विचारावयाचें नाहीं, हें त्यांतलें सर्वांत क्रांतिकारक वाक्य. दीडशें वर्षांची संवय त्यानें एका ओळींत मोडली. पुढें २०१६ सालीं, कांहीं नाजूक गुन्हे वगळून, पहिल्या खबरीचे कागद चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें दिला. पहिल्या प्रश्नाचें उत्तर, निदान कागदावर, येथें पुरें झालें.

आतां दुसरा प्रश्न. केंद्र सरकारच्या वार्षिक अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसें मेलीं. हे आंकडे राज्यवार व कांहीं मोठ्या शहरांपुरते मिळतात. पुण्याहून हैदराबादेस, विजापुरास आणि धुळ्यास जाणारे हमरस्ते ज्या सोलापुरांत एकत्र येतात, तेथील माणसाला कोणत्या वळणावर किती मेले हें त्या अहवालांतून कळत नाहीं. पांचशें मीटरच्या टापूंत तीन वर्षांत दहा मृत्यु, किंवा मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पांच अपघात झाले, म्हणजे ती जागा धोक्याची, अशी सरकारची स्वतःचीच व्याख्या आहे. म्हणजे मोजणी होते. २०२१ पासून प्रत्येक अपघात जागेसह यंत्रांत नोंदविण्याची पद्धति सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पण ती नोंद मुख्यतः अधिकाऱ्यांच्या कामासाठीं. ब्रिटनमध्यें १९७९ पासूनची अशी नोंद, जागा, वेळ आणि वाहनाचा प्रकार यांसह, नांवें वगळून, कोणासहि फुकट पाहतां येते; अमेरिकेंत प्राणघातक अपघातांची तशी नोंद १९७५ पासूनची आहे.

याविरुद्ध एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाहीं. अपघाताचा कागद म्हणजे कोणाच्या तरी घरचें दुःख. तो खुला केला तर शवागाराच्या दारांत दलाल उभे राहतील, आणि जखमी माणसाचीं व्यंगें चव्हाट्यावर येतील. हें खरें आहे. दलाल आजहि उभे आहेत. पण कागद बंद असतांनाच ते माजले, कारण बंद कागद ज्याला मिळतो त्याचाच भाव वाढतो. २०२३ च्या कायद्यानें वैयक्तिक माहितीचें संरक्षण अधिक कडक केलें आहे. त्या संरक्षणास आमचा विरोध नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं नांवाची लाज राखावी आणि जागेची राखूं नये. रस्त्याच्या वळणाला अब्रू नसते; तें वळण बांधणाराला व सुधारणाराला जबाबदारी असते, आणि ती झांकण्यासाठीं मृताच्या अब्रूची ढाल पुढें करणें योग्य नव्हे.

म्हणून प्रत्येक जिल्ह्यानें दरवर्षीं एक यादी प्रसिद्ध करावी: तारीख, वेळ, जागा, वाहनाचा प्रकार, रस्त्याची स्थिति आणि परिणाम. नांव एकहि नको. ती सोलापुरांत मराठीबरोबर तेलुगु व कानडींतहि असावी. यासाठीं नवा कायदा लागत नाहीं; माहिती आपण होऊन प्रसिद्ध करण्याचें कर्तव्य २००५ च्या कायद्याच्या चौथ्या कलमांत आहेच. पेशव्यांच्या कागदांसाठीं शंभर वर्षें थांबणें अभ्यासकांस परवडलें, कारण त्या कागदांतील माणसें पूर्वींच गेलेलीं होतीं. या दप्तरांतील पुढचीं नांवें ज्यांचीं लिहिलीं जावयाचीं, तीं माणसें आज पहांटे सायकलीवरून त्याच रस्त्यानें घरीं आलीं आहेत.