उधळ्या पुत्राचा दाखला आणि वऱ्हाड

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारच्या भाषा-सर्वेक्षणासाठी वऱ्हाडी बोलीचे नमुने मागवले गेले, तेव्हा भाषांतरासाठी ठरवून दिलेला उतारा मराठी परंपरेतला नव्हता. तो लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला होता, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ग्रंथातील, परंतु यहुदी कुटुंबव्यवस्थेच्या पार्श्वभूमीवर घडणारी एक कथा. धाकटा मुलगा बापाकडून आपला हिस्सा मागून घेतो, परमुलखात जाऊन तो उधळतो, दुष्काळ पडून डुकरे राखण्याची पाळी आल्यावर घरी परततो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी घालतो, यावर थोरला मुलगा रुसतो, एवढाच या कथेचा विस्तार आहे. ती वऱ्हाडात ज्या वाटेने आणि ज्या काळात पोहोचली, त्यामुळे तिच्या अर्थाविषयीचे काही जुने प्रश्न येथे वेगळ्या प्रकाशात दिसू लागतात.

जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या नेतृत्वाखालील या सर्वेक्षणासाठी प्रत्येक बोलीचे तीन नमुने गोळा करायचे होते: या दाखल्याचे भाषांतर, स्थानिक लोककथा किंवा कोर्टातल्या जबानीसारखा एखादा उतारा, आणि ठरावीक शब्द व वाक्यांची यादी. दाखल्याची निवड व्याकरणाच्या सोयीसाठी झाली होती, कारण तिन्ही पुरुषांची सर्वनामे, नामाच्या बहुतेक विभक्ती आणि क्रियापदाचे तिन्ही काळ या लहानशा कथेत एकत्र सापडतात. वऱ्हाड त्या वेळी ‘हैदराबाद अॅसाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावाने, १८५३ च्या तहानुसार निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला प्रांत होता आणि अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वाशीम व वणी असे त्याचे सहा जिल्हे होते. स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने सिद्ध केलेला सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला आणि ‘ळ’च्या जागी ‘य’ व ‘ण’च्या जागी ‘न’ उच्चारणाऱ्या वऱ्हाडीची नोंद त्यात झाली, तर मेळघाटात बोलल्या जाणाऱ्या कोरकू भाषेचा समावेश पुढच्याच वर्षी निघालेल्या चौथ्या खंडात झाला. अशा रीतीने धर्मग्रंथातला उतारा धर्मप्रसाराशी संबंध न ठेवता वऱ्हाडात आला, आणि येताना मूळ ग्रंथातली त्याची चौकट मागे राहिली.

ही चौकट महत्त्वाची आहे. येशू जकातदार आणि पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून परूशी, म्हणजे नियमशास्त्राच्या काटेकोर पालनाचा आग्रह धरणारा यहुदी पंथ, आणि शास्त्री कुरकुर करतात, आणि त्यांना उत्तर म्हणून येशू तीन दाखले सांगतो, अशी लूकची मांडणी आहे. हरवलेले मेंढरू आणि हरवलेले नाणे या पहिल्या दोन दाखल्यांच्या शेवटी त्यांचे तात्पर्य स्वतः येशू सांगतो, परंतु तिसऱ्याला असा उपसंहार नाही. वऱ्हाडातील मराठी वाचकाला हा फरक दृष्टान्तपाठाच्या आधारे नेमका ओळखता येतो. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे ज्या महानुभाव पंथाचे प्रमुख स्थान, त्या पंथातील केसोबासांनी पंथसंस्थापक चक्रधरांच्या दृष्टान्तांचे हे संकलन करताना आधी सूत्र, मग दृष्टान्त आणि शेवटी त्याचा अर्थ लावून दाखवणारे दार्ष्टान्तिक, अशी तीन अंगे ठेवली. या परिभाषेत सांगायचे तर उधळ्या पुत्राच्या दाखल्याला दार्ष्टान्तिक नाही, आणि ते पुरवण्याचा प्रयत्न हाच त्याच्या अर्थनिर्णयाचा दीर्घ इतिहास आहे. ऑगस्टीनसारख्या प्राचीन ख्रिस्ती आचार्यांनी थोरला मुलगा म्हणजे यहुदी आणि धाकटा म्हणजे अन्य जाती असे रूपक लावले. १८८८ मध्ये जर्मन पंडित अडोल्फ युलिशर यांनी दाखल्यातील प्रत्येक तपशिलाला गूढार्थ चिकटवण्याच्या या रीतीला विरोध करून दाखल्याचा मुख्य मुद्दा एकच असतो असे मांडले, आणि तेव्हापासून अभ्यासकांचे लक्ष कथेच्या सामाजिक पार्श्वभूमीकडे अधिक वळले.

त्यातला पहिला वादाचा मुद्दा वाटणीचा आहे. बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायानुसार थोरल्या मुलाला दुप्पट हिस्सा मिळतो, म्हणजे दोन भावांत धाकट्याच्या वाट्याला एक तृतीयांश येतो. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील बेन सिरा हा ज्ञानग्रंथकार मात्र जिवंतपणी मालमत्ता कोणाच्या हाती देऊ नये असा सल्ला देतो, आणि यहुदी विधिनियमांचे संकलन असलेल्या मिश्नातील ‘बावा बात्रा’ या भागात बापाने हयातीत मुलाच्या नावे केलेल्या मालमत्तेचे नियम आढळतात. केनेथ बेली या बायबल-अभ्यासकाने मध्यपूर्वेतील खेड्यांच्या अनुभवावरून अशी मागणी म्हणजे बापाचे मरण चिंतणे होय असा निष्कर्ष काढला, तर एमी-जिल लेव्हिन या यहुदी अभ्यासिकेने असे टोकाचे वाचन नाकारले. वऱ्हाडच्या श्रोत्याला मुळात हा पेच तितका तीव्र वाटण्याचे कारण नव्हते, कारण हिंदू वारसाहक्कासाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा या टीकाग्रंथाप्रमाणे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मानेच निर्माण होतो आणि बापाच्या हयातीत वाटणी मागणे हे कुटुंबात कटुता आणणारे असले तरी अनोळखी कृत्य नव्हते. परिणामी कथेचा भार मागणीवरून उधळपट्टीवर सरकतो, आणि बापाने परतलेल्या मुलाला पुन्हा घरात घेण्याला अधिक वजन येते, कारण वाटणी होऊन विभक्त झालेल्या मुलाचा उरलेल्या मालमत्तेवर सहसा दावा राहत नाही. बाप थोरल्याला जे म्हणतो, की माझे जे आहे ते सर्व तुझेच आहे, त्याचा कायदेशीर अर्थही त्यामुळे येथे स्पष्ट होतो.

डुक्कर आणि वासरू यांच्या बाबतीत अंतर उलट दिशेने पडते. लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात डुक्कर अशुद्ध ठरवलेले असल्याने डुकरे राखणे हा यहुदी तरुणाच्या अधःपाताचा शेवटचा टप्पा होता, आणि वऱ्हाडातील हिंदू व मुसलमान अशा दोन्ही श्रोत्यांपैकी बहुतेकांना त्यातली मानहानी वेगळी समजावून सांगण्याची गरज नव्हती. धान्यावर पोसलेले वासरू कापणे ही मात्र मूळ कथेत आनंदाची परिसीमा असली, तरी येथील बहुसंख्य श्रोत्यांना ती असह्य वाटणारी होती. भारतीयांच्या भावना दुखावू नयेत म्हणून दाखल्यात किरकोळ शाब्दिक बदल केल्याचे ग्रीअर्सन यांनीच नमूद केले आहे, आणि अशा बदलाची गरज या प्रसंगात सर्वाधिक होती हे उघड आहे. मात्र वासरू गेले की मोठे जनावर कापून साऱ्या गावाला जेवू घालण्याची, म्हणजे मुलाला समाजात परत घेण्याची सूचनाही फिकट होते.

सर्वांत बोलका तपशील दुष्काळाचा आहे. मार्क अॅलन पॉवेल या अमेरिकी अभ्यासकाने ही कथा वाचून पुन्हा सांगायला लावली, तेव्हा १०० अमेरिकी वाचकांपैकी केवळ ६ जणांनी दुष्काळाचा उल्लेख केला, परंतु दुसऱ्या महायुद्धात वेढा आणि उपासमार सोसलेल्या सेंट पीटर्सबर्गमधील ५० जणांपैकी ४२ जणांनी तो केला. वऱ्हाडातून नमुने गोळा होण्याचा काळ साधारणपणे १८९७ ते १९०० हा होता, आणि काळ्या जमिनीमुळे व कापसाच्या पैशामुळे सुरक्षित मानल्या गेलेल्या याच प्रांताला १८९९-१९०० मध्ये भीषण दुष्काळाने गाठले होते. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे रोज पाहणाऱ्या समाजात, परक्या मुलखात कोणी काही देईना ही ओळ मुलाच्या पापाची शिक्षा म्हणून वाचली जाण्याऐवजी परिस्थितीचे वर्णन म्हणून वाचली जाणे अधिक स्वाभाविक होते, आणि मूळ ग्रंथातही दुष्काळाला शिक्षा म्हटलेले नाही.

थोरल्या मुलाला यहुदी समाजाचे प्रतीक मानणाऱ्या वाचनाने शतकानुशतके त्या समाजाविषयी आकस पोसला, आणि लेव्हिन यांनी २०१४ मधील आपल्या ग्रंथात त्याचा प्रतिवाद करून ही यहुदी शिक्षकाने यहुदी श्रोत्यांना सांगितलेली कौटुंबिक कथा असल्याचे प्रतिपादन केले. वऱ्हाडात आलेल्या उताऱ्याला परूशी, शास्त्री किंवा आचार्यांचे रूपक यांपैकी काहीच चिकटलेले नव्हते, त्यामुळे येथे तो दोन भाऊ, एक बाप आणि एक वाटणी यांची कथा म्हणूनच ऐकला जाऊ शकत होता. व्याकरणाच्या सोयीसाठी केलेल्या निवडीचा हा अनपेक्षित लाभ होता. मात्र जकातदारांबरोबरच्या जेवणाचा संदर्भ गळाल्याने थोरल्याच्या रुसव्याचा रोख कोणाकडे होता, हे समजण्यासाठी वऱ्हाडी वाचकालाही अखेर लूकच्या अध्यायाच्या पहिल्या दोन ओळींकडे जावे लागते.